मयत फंडाचे पंधरा हजार

मेलेल्या माणसाच्या सहीवर बँक पैसे देत नाही, एवढं मला कळतं. अंधेरीच्या एका औषध कंपनीत अकाउंट्समध्ये केस पांढरे केलेत मी. चेक म्हणजे काय ते कुणी मला शिकवायची गरज नाही. पण त्या दिवशी मुलुंडच्या बँकेत काउंटरपलीकडच्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की मीच शिवदासकाकांचा गळा दाबून त्यांचं चेकबुक घेऊन पळालोय. आणि मी तर काकांसाठीच उभा होतो तिथे. काका घरी चटईवर, आणि त्यांच्या सहीचा चेक माझ्या हातात.

नीट सांगतो. मी सातवण ग्रामस्थ मंडळ, मुंबई या संस्थेचा खजिनदार. सातवण हे देवगडच्या बाजूचं आमचं गाव. खजिनदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं कोण जाणे. माझ्या वाट्याला एक पत्र्याची पेटी, पावतीपुस्तक, रोखकीर्द आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत सगळ्यांच्या शिव्या एवढंच आलंय. मंडळ तीन कामं करतं. सत्यनारायण घालतं, दहावी पास झालेल्या पोरांना पेन देतं आणि मयत फंड चालवतं. पहिल्या दोन कामांचे फोटो निघतात. खरं काम तिसरं.

मयत फंड म्हणजे काय, तर गावचा कुणीही मुंबईत वारला, की मयत उठण्याआधी मंडळाचे पंधरा हजार रुपये त्या घरात पोचले पाहिजेत. रोख. चेक नाही, मोबाइलवरून पाठवणं नाही. घरच्या माणसाच्या हातात, मोजून. हा नियम आमच्या अध्यक्षांनी, शिवदास घाडींनी केला. गिरणी संपाच्या दिवसांत त्यांचे वडील वारले तेव्हा घरात दमडी नव्हती. काका सांगायचे, "बापूस घरात झोपलेलो आणि मी चाळीत दारोदार. कोण दोन रुपये देता, कोण पाच. एका दारात तर माका भिकारी समजान चपाती दिली." ही गोष्ट ते हसत सांगायचे आणि ऐकणारा मान खाली घालायचा.

पुढे प्रत्येक मयताला काका स्वतः गेले. काका पुढे, पाकीट घेऊन खजिनदार मागे. पाकीट हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोजून घ्या." नवरा गेलेल्या बाईला "मोजून घ्या" म्हणणारा माणूस मला सुरुवातीला फार निष्ठुर वाटला. नालासोपाऱ्याहून परत येताना एकदा मी तसं बोललोसुद्धा. तर म्हणाले, "अरे चंदू, मोजताना माणूस रडत नाय. तेवढोच इसावो."

आता चेकबद्दल. पूर्वीच्या एका खजिनदाराने फंडाची रोकड घरात ठेवली आणि ती फ्रिजच्या रूपाने कायमची त्याच्या घरातच राहिली. तेव्हापासून सगळे पैसे बँकेत, आणि चेकवर दोन सह्या, अध्यक्षांची आणि खजिनदाराची. शिवाय एक कलम घातलं गेलं, की खजिनदाराने स्वतःचा पैसा आणि फंडाचा पैसा कधीही एकमेकांत मिसळू नये. पण मयत काही अध्यक्ष मुंबईत आहेत की गावाला, हे विचारून होत नाही. म्हणून काकांनी युक्ती काढली. पंधरा हजारांचा एक सेल्फ चेक, दोन्ही सह्या करून, फक्त तारीख कोरी ठेवून, कायम माझ्या पेटीत. तो वापरला की लगेच दुसरा. आता नंबर कुणाचा, यावर आमच्या कार्यकारिणीत चहा पीत चर्चा व्हायची. घाटकोपरच्या आबांना डायलिसिस चालू आहे, बोरिवलीच्या मावशी नव्वदीच्या झाल्या, असं अगदी अंदाजपत्रकासारखं मांडायचो आम्ही. त्यात चेकवर सही करणारा माणूस कुणी धरलाच नव्हता.

केतनचा, म्हणजे काकांच्या मुलाचा फोन आला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. "चंदूदादा, बाबा गेले. चहा मागितला त्यांनी, आई चहा घेऊन येईपर्यंत..." मी पलंगावर बसलो आणि मला हमसून हमसून रडू आलं. मला मुंबईत आणणारा, पहिल्या नोकरीला चिठ्ठी देणारा, माझ्या लग्नात अक्षता कमी पडल्या म्हणून वाण्याकडे धावणारा माणूस तो. जानकीने, माझ्या बायकोने, पाणी आणून दिलं, थोडा वेळ पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पेटी काढा." बायकोचं हे असं असतं.

जिन्यात खालच्या मजल्यावरचा प्रीतम भेटला. हा विमा एजंट. मरण या विषयावर आपल्याइतका अभ्यास कुणाचाच नाही असं त्याला वाटतं. मी झालेलं सांगितलं, तर चेक बघून म्हणाला, "कालची तारीख टाक रे. माणसाने काल सही केली तर चालते, आज केली तर नाही. सिंपल आहे यार."

"मी खजिनदार आहे, प्रीतम. खोटी तारीख घालणार नाही."

"अरे, पण त्याने सही तर मागच्या महिन्यातच केली ना? मग आजची तारीख तरी खरी कशी?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी त्याच्यासमोर, जिन्याच्या कठड्यावर चेक ठेवून, ठसठशीत अक्षरात आजची तारीख घातली. "झकास," प्रीतम म्हणाला. "बस आता बोंबलत."

बँक उघडली तेव्हा मी पहिला होतो. काउंटरवरच्या बाईंच्या छातीवर शर्मिष्ठा अशी पाटी. त्यांनी चेक उलटा केला, सुलटा केला, संगणकावर सही बघितली.

"घाडींची सही थोडी हललीय. त्यांना घेऊन या."

"ते येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत का?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "आता नाहीत," मी म्हणालो.

"मग येऊ देत की. नाहीतर थांबा, फोनवर विचारते." आणि त्यांनी खात्यावरचा नंबर लावलासुद्धा. मला 'नका हो' असं ओरडायचं होतं, पण तोवर फोन लागलाही होता. काकांचा फोन त्यांच्या उशाशी असायचा. तिकडे तो वाजत असणार, त्या खोलीत, त्या सगळ्या माणसांत.

"शिवदास घाडी बोलताय का? तुमच्या मंडळाचा पंधरा हजारांचा चेक आलाय. तुम्हीच दिलाय ना?" बाई म्हणाल्या. मग नुसत्या ऐकत राहिल्या. चेहरा उतरला. फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, ते वारलेत!"

"हो."

"हो काय? मग हे पैसे कशाला?"

"त्यांच्या अंत्यविधीला."

"त्यांच्या अंत्यविधीचे पैसे त्यांच्याच सहीने?"

"आमच्याकडे तशीच पद्धत आहे," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला कळलं की हे आणखी वाईट झालं. मागे रांगेतला एक जण म्हणाला, "मेलेल्यांच्या नावावर काय काय धंदे करतात लोक." मी गर्रकन वळलो. "ओ मिस्टर, मी खजिनदार आहे!" यावर तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने स्वतःची पिशवी छातीशी धरली.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. पण सही करणारा वारल्याचं कळलं की खात्याचा व्यवहार थांबतो, असं त्यांनी समजावलं. मृत्यूचा दाखला आणा, नव्या अध्यक्षांचे कागद, फोटो, सह्यांचे नमुने आणि तसा ठराव आणा.

"ठरावावर सही कुणाची?"

"अध्यक्षांची."

"अध्यक्ष वारले म्हणूनच तर ठराव ना?"

"मग आधी सभा घेऊन नवे निवडा."

"सभेची नोटीस अध्यक्षांच्या सहीने निघते."

बाईंनी पंख्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग त्यांनी चेकला एक चिठ्ठी जोडून तो परत दिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कारण : सही करणाऱ्याचे निधन.' सकाळपासून रडलो होतो, सगळ्यांना फोन केले होते, पण काका खरंच गेले हे मला ती चिठ्ठी वाचून कळलं.

बाहेर येऊन जानकीला फोन केला. ती म्हणाली, "आपले काढा आणि द्या. नंतर बघू."

"कलम आहे, जानकी. मिसळायचं नाही."

"तिथे माणूस उचलायचा खोळंबलाय आणि कलमं कसली सांगताय?"

मी एटीएम शोधू लागलो. एकाचं शटर अर्धं खाली, दुसऱ्यात माझ्या पुढचा माणूस पिन विसरून बायकोला फोनवर ओरडून विचारत होता आणि ती त्याला ओरडून सांगत होती. तिसऱ्यात पैसे मिळाले. सगळ्या पाचशेच्या नोटा. पाकिटात घातल्या आणि रिक्षा पकडली. वाटेत स्वतःची समजूत घालत होतो, की पैसा तो पैसा, नोटेवर काय मंडळाचं नाव छापलेलं असतं?

खरं सांगायचं तर त्या घरात पैशांची गरजच नव्हती. केतन चांगल्या नोकरीत. त्याने गाडी, हार, भटजी, सगळं मोबाइलवरून मागवून पैसेही देऊन टाकले होते. पुण्याहून काकांची मुलगी चेतना पोचली होती. गाडीवाला खाली घाई करत होता, त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं. सगळे कशासाठी थांबलेत असं मी विचारलं तर केतन म्हणाला, "तुमच्यासाठी. आई उचलू देत नाहीये."

द्रौपदीकाकी काकांच्या उशाशी बसल्या होत्या. डोळे कोरडे, एक हात काकांच्या छातीवर. मी पाकीट पुढे ठेवलं, तर म्हणाल्या, "चंदू, इलंस? मंडळाचे मां?"

हो म्हणायला काय हरकत होती? एक अक्षर. पण समोर काका होते. त्यांच्या समोर आजवर मी वहीत एक रुपया इकडचा तिकडे केला नाही.

"काकी, हे माझे आहेत. बँकेने दिले नाहीत."

काकींनी पाकीट हळूच माझ्याकडे सरकवलं. "तुझे नको माका. ह्येंनी कोणाच्या घराक कधी आपले पैसे नेले नाय. नेले असते तर ती भीक झाली असती. मंडळाचे नेले, तो हक्क. सगळ्यांच्या घराक पोचयलो ह्यो माणूस, आणि ह्येंच्या घराक कोणच येवचा नाय?"

"आई, प्लीज ना," केतन म्हणाला. "गाडीवाला थांबत नाहीये. मी देतो ना पैसे."

"तू गप रव. मंडळाचे येतले, तेव्हा उचला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे अध्यक्षांचं मयत खजिनदाराने अडवलं! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दारात राजाराम राणे उभे होते. हा माणूस म्हणजे माझ्या मागे लागलेली साडेसाती. प्रत्येक सभेत उठणार आणि विचारणार, सत्यनारायणाच्या सुतळीचे चाळीस रुपये कसे झाले? काकांच्या विरुद्ध निवडणुकीला उभे राहायचे आणि दर वेळी पडायचे. आता हा मेल्या माणसापुढे कलमं काढणार, म्हणून मी दात आवळले.

"खजिनदार," राजाराम म्हणाले, "वर्गणी रोखीने घेता येता की नाय?"

"येते."

"फुडल्या वर्षाची आगाऊ?"

"येते. कलम—"

"कलम माका शिकव नको. पावती फाड." आणि त्यांनी वर्षाच्या वर्गणीची पाचशेची नोट चपलांच्या स्टँडवर ठेवली.

मग जे झालं ते माझ्या सगळ्या नोकरीत झालं नव्हतं. माझे पैसे पाकिटातून काढून पँटच्या खिशात कोंबले, आणि दाराबाहेर, चपलांच्या स्टँडवर पावतीपुस्तक ठेवून, स्टुलावर बसून मी वर्गणी गोळा करू लागलो. आतून उदबत्तीचा वास आणि चेतनाचं रडणं, बाहेर माझं 'नाव सांगा, पूर्ण नाव'. गावची माणसं जिन्यावर रांगेत उभी राहिली. एकाने मोबाइल पुढे केला. "रोख!" असा मी ओरडलो, की आत रडणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या. भांडुपच्या विमलाताईंनी पदराच्या गाठीतून पन्नासच्या आणि शंभरच्या नोटा काढल्या. मला तर सगळ्या पाचशेच्याच हव्या होत्या, काकींना मोजायला सोपं म्हणून. तेव्हा माझ्याकडची पाचशेची नोट मी त्यांना बदलून दिली. हे मिसळणं नव्हे. हे बदलणं. यातला फरक अकाउंट्सवाल्यालाच कळतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हार घेऊन आले, रांग बघितली आणि निमूट पाचशेची नोट काढून शेवटी उभे राहिले. त्यांना वाटलं, दर्शनाला पावती लागते. त्यांची नोट परत करून त्यांना आत सोडलं.

एकोणतीस पावत्या झाल्या. एक कमी. जिन्यावर आता सभासद उरला नव्हता. राजाराम माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि खजिनदारांची स्वतःची?"

मी स्वतःची पावती फाडली, देणाऱ्याचीही सही माझी आणि घेणाऱ्याचीही माझीच. पँटच्या खिशातून नोट काढली. सगळं पाकिटात भरून आत गेलो.

पाकीट काकींच्या हातात दिलं. आता ते दोन शब्द म्हणायचे होते. अध्यक्षांचं काम ते. मी कधी म्हटलेच नव्हते. काकींनीच विचारलं, "मोजून घेऊचे मां?"

मी मान हलवली.

काकी मोजू लागल्या. मध्येच हात थांबला, काकांकडे बघितलं, आकडा चुकला. परत पहिल्यापासून. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. राजाराम खाली गेले आणि पुन्हा हॉर्न वाजला नाही. खोलीत नोटांचा तेवढा आवाज. मोजताना काकी रडल्या नाहीत. शेवटची नोट खाली ठेवून म्हणाल्या, "बरोबर आसत," पावतीवर एक एक अक्षर लावत सही केली, आणि मग मात्र काकांच्या छातीवर डोकं टेकून हंबरडा फोडला. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "उचला आता."

स्मशानातून घरी आलो. आंघोळीआधी कपडे बादलीत टाकताना जानकी म्हणाली, "खिसे तरी बघत जा. ही नोट भिजली असती." शर्टच्या वरच्या खिशातून तिने पाचशेची नोट काढली.

मी नुसत्या टॉवेलवर पेटी उघडली. पावत्या तीस. पाकिटात... मला आठवलं. स्वतःची पावती फाडली, पँटच्या खिशातून नोट काढली, सही करायला हात मोकळा हवा म्हणून ती शर्टच्या खिशात ठेवली. आणि ती तिथेच राहिली. म्हणजे गावाने दिलेले सगळे पैसे पोचले, आणि एकट्या खजिनदाराची वर्गणी खजिनदाराच्या खिशात. यापेक्षा तो फ्रिजवाला बरा. त्याने निदान फ्रिज तरी घेतला.

ते दिवस कसे गेले, विचारू नका. रोखकीर्द उघडायचो आणि मिटायचो. वहीप्रमाणे शिल्लक शून्य, पेटीत पाचशे. राजाराम भर सभेत उठून उभा राहिलाय असं दिसायचं. सुतळीच्या चाळीस रुपयांसाठी ज्याने माझं रक्त आटवलं, तो याचं काय करील? पण खरं सांगू, राजारामाची भीती नव्हती ती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना पूर्ण पैसे पोचवले, त्याच्याच घरी मी कमी दिले.

तेरावं झाल्यावर गेलो. काकी एकट्याच होत्या. भिंतीवर काकांचा फोटो, हार सुकलेला. मी नोट पुढे ठेवली आणि हात जोडले. "काकी, त्या दिवशी पाचशे कमी होते."

"माका ठावक आसा," काकी म्हणाल्या. "एकोणतीस होते. दोनदा मोजलंय मी."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगलंय असतंय तर तू परत मोजूक बसलो असतंस. ह्येंका उशीर झालो असतो. आणि लोक म्हणाले असते, शिवदासच्या फंडाचे पैसे शिवदासच्याच घरी कमी पडले."

"मग आता तरी घ्या."

"आता घेतलंय तर माझी सही खोटी. पंधरा मिळाले म्हणान लिवन दिलंय मी."

"काकी, मग मी ह्याचं करू काय? वहीत कुठे दाखवू हे पाचशे?"

काकींनी नोट उचलली, हातात धरून थोडा वेळ फोटोकडे बघितलं.

"त्या दिशी सगळ्यांनी फुडल्या वर्षाची वर्गणी भरली," त्या म्हणाल्या. "ह्येंचीच रवली. फाड पावती."

मेलेल्या माणसाची वर्गणी घेऊ नये, असं आमच्या कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. पावतीपुस्तक पिशवीत होतंच. मी लिहिलं, शिवदास घाडी, रुपये पाचशे, रोख. रोखकीर्द बाहेर काढली आणि तिथेच, चहाच्या कपाशेजारी, नोंद केली. शिल्लक पाचशे. वही जुळली. माझी वर्गणी, काकींचे पंधरा हजार, काकांची वर्गणी, शेवटच्या तिन्ही ओळींत काही ना काही खोटं होतं, आणि वही पैशाला पैसा जुळली.

पावती फाडून काकींच्या हातात दिली. त्यांनी ती फोटोच्या चौकटीत खोवली. मग ती नोट माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "मोजून घे."

काका म्हणायचे, मोजताना माणूस रडत नाही. पण एक नोट मोजायला असा किती वेळ लागतो? मी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ मोजत बसलो.